काकूंचं पोस्टखातं

नाशिकरोडला वाढलेल्या माणसाला पैशाचं अप्रूप कमी असतं. पैसे भरपूर मिळतात म्हणून नव्हे. ते छापून दमलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन दुधाच्या बिलावरून कसा वाद घालतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं म्हणून. जेलरोडला नोटांचा छापखाना आणि तिकिटांचा छापखाना शेजारी शेजारी, आणि त्याच रस्त्यावर मध्यवर्ती कारागृह. रस्त्याला नाव मात्र तिसऱ्याचंच मिळालं. तिकिटांचा कारखाना १९२५ सालचा. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. नोटांचा कारखाना १९२८ सालचा, आणि तिथून पहिली बाहेर पडली ती पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट. आमचे बाबा नोटांकडे, शेजारचे काका तिकिटांकडे. महिनाअखेरीला दोन्ही घरांतली परिस्थिती सारखीच.

काकू लासलगावच्या. कांद्याच्या गावच्या. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, "मुलगा चांगला आहे, जेलरोडला असतो." काकूंच्या आजीने विचारलं, "सुटणार कधी?" मग मुलगा तिथे कैदी नसून सरकारी छापखान्यात आहे असा खुलासा झाला. त्या खुलाशाचा पुढे आणखी एक खुलासा करावा लागला असता, तो कोणी केलाच नाही. सबंध माहेराची समजूत अशी की जावई नोटा छापतो. काका तिकिटांना कडेची भोकं पाडणाऱ्या मशीनवर होते. पण दिवाळीला लासलगावला गेले की मेहुणे त्यांना बाजूला घेऊन विचारत, "एखादी चुकीची निघाली तर ती काय करता हो?" काका प्रामाणिकपणे सांगत, "फाडून टाकतात." मेहुण्यांना हे इतकं लागायचं की रात्री जेवणावर त्यांचं लक्ष नसे. काकू पदर तोंडाला लावून हसत बसायच्या. नवऱ्याची पत माहेरी वाढत असेल तर ती कशावर वाढतेय याची चौकशी बायकोने करू नये, असं त्यांचं म्हणणं.

पण काकूंबद्दल लिहायचं तर सुरुवात डिंकापासून करायला हवी.

काकांना आपल्या कारखान्याचा अभिमान होता, आणि तो फुकाचा नव्हता. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंग्याचं, 'जय हिंद' लिहिलेलं, ते नाशिकला छापलेलं. १९५२ साली संतकवींची मालिका निघाली, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ, ती इथल्या फोटोग्रॅव्ह्यूरच्या नव्या यंत्रांवरची. काका नोकरीला लागले ते या सगळ्यानंतर, तरी ते सांगताना "आम्ही छापलं" असंच सांगत. मधे फक्त एक काटा होता. १९४८ साली गांधीजींची तिकिटं निघाली, ती छापून आली स्वित्झर्लंडहून. स्वदेशीसाठी जन्मभर चरखा फिरवलेला माणूस, आणि त्याचं तिकीट परदेशी! काका हे सांगायला लागले की त्यांचा आवाज चढायचा. काकू ताटं घेता घेता म्हणायच्या, "त्याचा डिंक तरी चिकटत असेल."

इथे काका गप्प व्हायचे. कारण तिकिटाचा डिंक चिकटत नाही हे साऱ्या देशाला माहीत होतं. म्हणून तर पोस्टात टेबलावर गोंदाची बरणी असते. काकूंच्या घरी गोंद नव्हता, भात होता. त्या पाकिटावर तिकीट लावायचं म्हणजे सकाळच्या भाताचं एक शीत घ्यायच्या, अंगठ्याने पाकिटावर चिरडायच्या, पसरायच्या, वर तिकीट ठेवून हाताच्या तळव्याने दाबायच्या. मग ते पाकीट थोडा वेळ पाटाखाली. काका हे पाहू शकत नसत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या खात्याची अब्रू रोज आंबेमोहराने चिकटवली जात होती. त्यात कधी काकूंनी तिकिटं भोकांवरून न फाडता कात्रीने कापली, तर मात्र ते उठून गच्चीवर जात.

घरात एक जण तिकिटं करणारा आणि दुसरी ती संपवणारी. काकूंचा पत्रव्यवहार म्हणजे एक खातंच होतं. कार्डं, आंतरदेशीय, पाकिटं, बुकपोस्ट. राखीपौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस स्वयंपाकघरात रेशमाचे दोरे. संक्रांतीला प्रत्येक पाकिटात हलव्याचे मोजके दाणे; पोस्टातल्या शिक्क्याच्या दणक्याने त्यांचं पीठ होऊन ते पोचे, आणि पलीकडची माणसं पाकीट झटकून ते पीठ जिभेवर घेत व "पोचला" असं उलट कळवत. गोड बोला म्हणून पाठवलेला माल आपल्या देशात इतका कुटून पोचतो, यावर काकूंना कधी तक्रार नव्हती. पोस्टमनला दिवाळीत पोस्त द्यायची पद्धत सगळ्या वसाहतीत होती. काकूंकडे त्याला शिवाय रोज अर्धा कप चहा होता. चहा पिता पिता तो वसाहतीतली कार्डं उंबऱ्यावर मांडून जुळवायचा, आणि काकू उभ्या उभ्या ती वाचायच्या. कार्ड उघडं असतं, ते वाचण्यासाठीच असतं, असा त्यांचा कायदा होता. कोणाची सासू येणार, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाकडे बारसं आहे, हे त्या घराच्या आधी काकूंना कळे. पण एक होतं. वाईट बातमीचं, कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं तर त्या ते पोस्टमनच्या हातून काढून घेत, चहाचं भांडं खाली ठेवत, आणि स्वतः त्या घरी जाऊन बसत. कार्ड कधी द्यायचं ते मग त्या ठरवत. बहुतेक वेळा जेवणं झाल्यावर.

पत्राचा मजकूर सगळ्यांना सारखा. वर श्री. मग मायना. 'येथील सर्व क्षेम'. पावसापाण्याची एक ओळ. कांद्याच्या भावाची एक ओळ, ती चुकायची नाही. 'लहानथोरांस नमस्कार आशीर्वाद'. इथे पत्र संपे आणि ता. क. सुरू होई. काकूंचं खरं पत्र ता. क. मध्ये असे. तो डाव्या कडेने वर चढे, माथ्यावरून उलटा होऊन उजवीकडे उतरे आणि पत्त्याच्या जागेत शिरे. पोस्टाच्या नियमाप्रमाणे कार्डाचा तो अर्धा भाग पत्त्याचा. काकूंच्या हिशेबी पत्त्याला दोन बोटं पुरेत. "तिच्या मुलाला चष्मा लागला का विचारलं नाहीस", "जाऊ आली तर भांडू नकोस, ती आधीच आजारी आहे", "मागच्या वेळची लोणच्याची बरणी कोणाबरोबर तरी परत पाठव", असं सगळं त्या किनाऱ्यावर. वाचणाऱ्याला कार्ड हातात चारी बाजूंनी फिरवावं लागे.

पत्ता म्हणावा तर असा : लासलगाव, मार्केटच्या मागे, विहिरीजवळ, पुढे दादांचं नाव. बस. काका कपाळाला हात लावत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपालखात्यातले अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. सहा आकडे, पहिला आकडा विभागाचा, आपला चार, त्यात गोवाही येतो आणि मध्य प्रदेशही. काका हे सगळं कितीदा समजावून सांगत. काकू ऐकून घेत. "एवढ्या संस्कृत येणाऱ्या माणसाला मार्केटमागची विहीर ठाऊक नसेल, म्हणून त्याला आकडे लागले. आपल्या पोस्टमनला ठाऊक आहे." पिन त्या फक्त पदराला लावत. आणि त्यांची पत्रं पोचत. हे काकांना सर्वांत जास्त लागे.

माझी आई आणि काकू यांची मैत्री हा वसाहतीत चर्चेचा विषय होता, कारण त्या दर उन्हाळ्यात भांडत. कारण कुरडया. वाळवणाला गच्ची एकच. कोणाची चटई कोणाच्या उन्हात आली, यावरून एका वैशाखात असं जुंपलं की दोघींनी बोलणं टाकलं. आमच्या क्वार्टरची आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एक. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे ठसका. अशा परिस्थितीत अबोला पाळणं म्हणजे फार कष्टाचं काम, पण दोघी नेटाने पाळत होत्या. बाबा आणि काका संध्याकाळी गुपचूप पलीकडच्या पारावर भेटत, सीमेवरचे दोन सैनिक विडी मागायला भेटावेत तसे.

चार-पाच दिवसांनी पोस्टमन आमच्या दाराशी आला. त्याच्या हातात कार्ड. चेहऱ्यावर असं हसू की त्याने ते वाचलेलंच होतं. आईच्या नावाचं, काकूंच्या अक्षरातलं. ते कार्ड काकूंनी कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं होतं. ते पोस्टात गेलं, छाटणी झाली, शिक्का बसला, आणि एका भिंतीचा प्रवास करून दोन दिवसांनी आमच्याकडे आलं. 'सौ. वहिनींस सा. न. वि. वि. येथील सर्व क्षेम. तुमच्याकडील खुशाली कळत नाही, तरी पत्रोत्तरी कळवावी. येथे ऊन फार आहे.' आणि कडेने चढत गेलेला ता. क. : 'कुरडया तुमच्याच चांगल्या झाल्या आहेत. मी रात्री एक खाऊन पाहिली.'

आई ते कार्ड वाचून आत गेली. मला वाटलं आता ही भिंतीवर थाप मारून हाक मारेल. तसं नाही. तिने बाबांच्या टेबलातलं कोरं कार्ड काढलं, उत्तर लिहिलं आणि मला पेटीत टाकायला धाडलं. आणखी दोन दिवस दोन्ही घरं आपापल्या जागी पोस्टमनची वाट पाहत बसली. मैत्रीत घाई नको, असं या दोघींचं काही तरी ठरलेलं असावं. उत्तर काय होतं ते मला अजून माहीत नाही. ते पोचलं त्या संध्याकाळी काकू कुरडयांचं ताट घेऊन आल्या आणि बसल्या त्या रात्री अकराला उठल्या. काकांनी जेवण आमच्याकडेच केलं.

मुलांच्या बाबतीत त्यांचं धोरण कडक होतं. मुलगा शिकायला मुंबईला वसतिगृहावर. त्या काळात नाशिकरोडहून मुंबईला काही धाडायचं तर पंचवटी एक्सप्रेस होती. १९७५ पासून रोज पहाटे मनमाडहून निघून सातच्या सुमाराला नाशिकरोडला येणारी, आणि नोकरदारांना मुंबईला नेऊन रात्री परत आणणारी. तिच्यातले पासवाले म्हणजे एक गावच. त्यात भजनं, वाढदिवस, पत्ते, लग्नं जुळवणं, सगळं. काकूंनी त्यांतले दोघे तिघे हेरून ठेवले. सोमवारी पहाटे काका स्टेशनवर डबा देत. कोणी तरी तो व्ही.टी.ला उतरल्यावर मुलाच्या हाती देई. त्यात लाडू किंवा शंकरपाळे, कडेला चटणीची पुडी. अट एकच. रिकामा डबा परत येताना त्यात पत्र असलं पाहिजे. एकदा डबा नुसताच आला. पुढच्या सोमवारी गेलेल्या डब्यात एक कोरं आंतरदेशीय होतं, पत्ता लिहून तयार, आणि त्यावर एकच शेंगदाण्याचा लाडू. मुलाने तो लाडू खाताना वसतिगृहातल्या मित्रांनी त्याच्याभोवती उभं राहून शोक केला, असं तो अजून सांगतो. त्यानंतर डबा रिकामा आला नाही. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, तिला मात्र उलटा हुकूम होता : 'रोज रोज लिहीत बसू नकोस, सासरी वाटेल हिचं लक्ष इकडेच आहे.' हे लिहिणाऱ्या आईचं स्वतःचं पत्र दर गुरुवारी बडोद्याला पोचत होतं.

सिंहस्थाबद्दल न लिहिलेलं बरं. गुरू सिंह राशीत बारा वर्षांनी येतो आणि वर्षभराने निघून जातो. काकूंकडचे पाहुणे इतक्या नियमाने निघत नसत. रामकुंडावरच्या पर्वणीसाठी म्हणून आलेली काकांच्या चुलत घराण्यातली एक आत्याबाई तिन्ही शाही स्नानं उरकून, मुक्तिधामच्या भिंतीवरचे गीतेचे अठराही अध्याय वाचून मग गेली. काकूंनी तिला पोचल्याचं पत्र टाकायला पत्ता लिहिलेलं कार्ड बरोबर दिलं. आपण गेल्यावर यांना चुकल्याचुकल्यासारखं होईल, असा आत्याबाईंचा समज झाला. कार्ड लगेच आलं, आणि त्यात पुढच्या सिंहस्थाला यायचं कबूल केलेलं होतं.

काका रिटायर झाले आणि घरात पहिल्यांदाच मोठा प्रश्न उभा राहिला. आमच्या शेजारीच त्यांनी फ्लॅट घेतला होता. भिंत पुन्हा एकच. ज्या माणसाने आयुष्यभर भोंग्यावर उठायचं, फाटकातून आत जायचं, सुटताना झडती द्यायची आणि बाहेर पडायचं, त्याला फाटकच नाहीसं झालं. काका सकाळी नऊपासून सोफ्याच्या कडेवर बसत, केव्हाही उठावं लागेल असे. मग त्यांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. डबे मुळाक्षरांच्या क्रमाने मांडले. त्यामुळे मीठ आणि मोहरी जवळ आली हे खरं, पण हळद गेली पार शेवटच्या फळीवर, स्टुलावर चढून काढायला. काकू आठवडाभर फोडणी टाकायची म्हटली की स्टूल ओढत. बोलल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "करू दे. दोन दिवस माणूस बोलता झालाय."

आणि मग त्यांची पत्रं वाढली. आधी आठवड्याला पाच-सहा असत, आता रोज एक. पण एकच. सकाळी लिहून तयार. "अहो, एवढं टाकून या. कोपऱ्यावरच्या पेटीत नको, तिथे वेळेवर काढत नाहीत. पोस्टातच द्या. आणि तिकीट एकच आणा, जास्त आणलीत तर हरवतात." काका चप्पल घालून पोस्टात जात. तिथे त्यांचे दोघे तिघे जुने सहकारी पेन्शनच्या कामाला येऊन बसलेले असत. चहा होई. २००६ साली छापखाने महामंडळाकडे गेले, त्यावर तिथे कित्येक महिने चर्चा झाली, आणि काकांशिवाय ती अपुरी राहिली असती. साडेअकराला काका परत येत, तिकिटाच्या नव्या चित्राबद्दल काही तरी तक्रार घेऊन. काकू भात लावत.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसून कोणाला तरी लिहीत होत्या. कोणाला विचारलं तर म्हणाल्या, "ठरायचंय अजून." आधी मजकूर, मग माणूस, असा प्रकार मी पोस्टखात्यात तरी पाहिला नव्हता. त्या काळात काकूंची पत्रं कोणाकोणाला गेली! शाळेत काकूंना शिवण शिकवलेल्या बाईंच्या सुनेला. बडोद्याच्या गाडीत एकदा शेजारी बसलेल्या नर्सबाईंना. पंचवटीतून मुलाचे डबे नेणाऱ्या, आता रिटायर झालेल्या त्या पासवाल्याला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी उत्तरं दिली. एकट्या काकांना फाटकाबाहेर पोचवायचं म्हणून काढलेल्या या उद्योगातून काकूंना आणखी पुष्कळ माणसं चिकटली, आणि ती शिताशिवाय.

फोन आले, मोबाईल आले, २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. काकूंनी मोबाईलवर बोलताना दुसऱ्या माणसाला बोलू दिलं नाही आणि बोलून झाल्यावर "आता पत्रात सविस्तर लिहिते" असं म्हटलं.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घराघरांतून डाळीच्या डब्यांतला पैसा बाहेर आला. आमच्या आईचाही आला. तो किती होता हे सांगण्याची परवानगी नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत पत्रांचे गठ्ठे, आणि त्यांच्यातून निवडून काढलेली वापरलेली पाकिटं. प्रत्येक पाकिटावर काकूंच्या अक्षरात काही तरी लिहिलेलं. 'धाकटीचं बाळंतपण', आणि धाकटीची मुलगी तर तेव्हा कॉलेजात. 'पोस्टमनच्या मुलीची फी.' 'वहिनी, गुडघा', म्हणजे माझी आई. 'दादांची विहीर', त्यावर काट. एकावर नुसतं 'हे' आणि खाली 'कवळी'. काका कवळी बसवायला वर्षानुवर्षं नाही म्हणत होते.

काकांनी सगळ्या नोटा एकत्र करून मोजायला घेतल्या. काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"ते फीचे आहेत. गुडघ्यात मिसळू नका."

"अगं, बँकेत सगळे एकाच खात्यात जाणार."

"मग तुमच्या बँकेला अक्कल नाही."

शेवटी काका रांगेत उभे राहिले ते पाकिटांचा गठ्ठा घेऊन. तिकडे जेलरोडला नव्या पाचशेच्या नोटा रात्रंदिवस छापल्या जात होत्या, रविवारची सुट्टी कोणाला नव्हती, आणि इकडे त्याच गावात तिकिटांच्या छापखान्याचा पेन्शनर नोटांच्या रांगेत तीन तास उभा. लासलगावच्या मेहुण्याचा फोन आला, "तुम्हाला काय, तुमच्या तर घरचंच आहे!" काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला खरं सांगितलं, की मी तिकिटांकडे होतो, भोकं पाडायचो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मेहुणा म्हणाला, "असू द्या, फोनवर बोलू नये." नवीन नोटा आल्या तशा पाकिटांत भरल्या गेल्या, ज्याच्या त्याच्या. कवळी मात्र त्या महिन्यातच झाली. काका म्हणाले, एवढं रांगेत उभं राहून आणलेत तर घालवून टाकू.

काकू गेल्या पौषात गेल्या. फार दिवस पडून राहिल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी समोरच्या खाटेवरच्या बाईचा पूर्ण पत्ता लिहून घेतला होता, दोन खुणांसकट, आणि ती बाई मग दिवसांना आली.

भेटायला येणारे आले आणि गेले. त्यानंतर पत्रं यायला लागली. पोस्टमन नवा, तरुण, चहा न पिणारा; त्याला कळेना की हल्ली वीज-बिलांशिवाय काही न येणाऱ्या भागात एका घरी इतकं टपाल कसं. काका टेबलाशी बसून प्रत्येकाला उत्तर लिहू लागले. काकांची पत्रं आई वाचते. तिला ती आवडत नाहीत. "आपले पत्र मिळाले, आभारी आहे, असं काय लिहिता? यात आहे काय?" काका म्हणतात, मजकूर मोजका असावा. ता. क. ते लिहीत नाहीत. पत्त्याची जागा पत्त्याला सोडतात. पिनकोडचे सहाही आकडे सहा चौकोनांत, एकही आकडा रेषेला न लागता.

लासलगावच्या दादांना लिहिलेलं कार्ड परत आलं. त्यावर शेरा : पत्ता अपुरा. काका ते घेऊन थेट पोस्टात गेले आणि खिडकीवरच्या मुलाला म्हणाले, पिन आहे, गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे, आणखी काय जन्मपत्रिका लिहू? मुलगा म्हणाला, "आजोबा, एखादी खूण लिहा ना घराची." काका तावातावाने घरी आले. आईने दुसरं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, "लिहा, मार्केटच्या मागे, विहिरीजवळ."

"ती विहीर बुजवून वर्षं झाली."

"लिहा हो तुम्ही."

काकांनी लिहिलं. खाली आपला पिनही लिहिला. या वेळी कार्ड पोचलं आणि आठ दिवसांत दादांचं उत्तर आलं. ते पोस्टमनच्या हातून आईने घेतलं आणि कायद्याप्रमाणे आधी वाचलं. येथील सर्व क्षेम. कांदा पडला आहे. लहानथोरांस नमस्कार आशीर्वाद. आणि कडेने वर चढत गेलेल्या ओळीत : 'विहीर केव्हाच बुजली, पण आमच्या पोस्टमनला ठाऊक आहे. पिन तेवढा बघून लिहावा. तुम्ही दोन्ही वेळा निफाडचा लिहिलात.'